वरचा मजला भाड्याने देणे आहे

गेटवर पाटी लावली त्या दिवशी मी तीन वेळा बाहेर जाऊन ती बघून आले. ‘वरचा मजला भाड्याने देणे आहे. दोन खोल्या, किचन, स्वतंत्र जिना. फक्त फॅमिलीसाठी.’ पेंटरनं ‘देणे’मधला ‘णे’ जरा तिरका काढला होता, पण त्या दिवशी मला तोही गोड वाटला. बारा वर्षं आम्ही स्वतः असल्या पाट्या वाचत हिंडलो होतो. औरंगपुरा, समर्थनगर, गारखेडा... लेकराला कडेवर घेऊन, भर उन्हात. आणि आता माझ्या गेटवर माझी पाटी! २०२२ च्या जूनमधली ही गोष्ट.

आमचं घर सिडकोतलं. सत्तरच्या दशकात सिडकोनं जुन्या शहराच्या बाहेर एन-१, एन-२ असे एकेक सेक्टर पाडून नवं शहर वसवायला घेतलं, त्यातली ही बैठी घरं. आता गल्लीत बैठं घर शोधावं लागतं. ज्याच्या त्याच्या डोक्यावर एक मजला आणि त्या मजल्यावर एक भाडेकरू. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्या, विद्यापीठ, घाटी दवाखाना, गल्लोगल्लीचे क्लासेस... अख्ख्या मराठवाड्यातून माणसं इथं कामाला आणि लेकरं इथं शिकायला येतात. त्यांना खोली लागते आणि आपल्याला हप्ता भरायचा असतो. यांची रिटायरमेंट जवळ आली होती. फंडातून उचल घेतली, वर पतपेढीचं कर्ज काढलं आणि मजला चढवला. हप्ता सहा हजारांचा, भाडं सात हजार. वहीत हिशेब कसा अगदी गच्च बसला होता!

औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरमालकीणबाई मी जन्मात विसरणार नाही. बाई तशा वाईट नव्हत्या. पण नळाला पाणी आलं की जिन्यात मोडा टाकून बसायच्या आणि आमच्या बादल्या मोजायच्या. माहेरचं कुणी आलं की चहाची कपबशी खाली ठेवायच्या आधी वर हजर. “किती दिवस मुक्काम आहे म्हणे पाहुण्यांचा?” भिंतीला खिळा ठोकला तर रात्री हातोड्याचा आवाज त्यांना स्वप्नात ऐकू यायचा. तेव्हाच मी यांना म्हणाले होते, आपलं घर झालं ना, तर मी अशी नाही वागणार. मैत्रिणींनो, हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पाटी लागली आणि फोन सुरू झाले. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी मला बसवून सगळं शिकवलं. एकट्या बाईला द्यायचं नाही, पोरांना तर नाहीच नाही, आणि ‘आधी आडनाव विचारायचं’. मी विचारलं. प्रत्येकाला विचारलं. का विचारते आहे हे मला ठाऊक होतं आणि फोनवरच्या माणसालाही ठाऊक असायचं. एक बाई प्रत्यक्ष बघायला आल्या. दवाखान्यात नर्स, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. घर त्यांना आवडलं, भाड्यात घासाघीस नाही, मुलगा तर जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत वर-खाली करू लागला. मग मी आडनाव विचारलं. आणि म्हणाले, “तसा कुणाला तरी शब्द दिलाय आम्ही.”

त्या क्षणभर थांबल्या. मग शांतपणे म्हणाल्या, “मग पाटी काढून ठेवा ताई. लोकांचा रिक्षाचा खर्च होतो.”

आणि मुलाचा हात धरून गेल्या. मी पाटी काढली नाही. पण पाणी पी म्हणून त्या पोराला विचारायचंही मला सुचलं नाही, हे आजही आठवतं.

शेवटी नणंदेच्या ओळखीतून एक जोडपं आलं. आपल्यातलंच. तो वाळूजला एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला, बायको बारावी झालेली, मांडीवर बाळ. वीस हजार डिपॉझिट, सात हजार भाडं. करार? नणंद म्हणाली, “अगं, आपल्याच माणसांत कसला कागद?” यांनी तरी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी करून घेतली. आम्हाला वाटलं, झालं पक्कं काम.

मग संसार सुरू झाला, त्यांचा वर आणि आमचा खाली. आणि डोक्यावर कुणीतरी राहतं म्हणजे काय, ते मला कळू लागलं. फरशी पुसलेलं पाणी ती पोर गॅलरीच्या नळीतून सोडायची ते थेट माझ्या वाळवणावर. पाटा-वरवंटा तिचा रात्री साडेदहाला. पहिल्याच पावसाळ्यात ड्रेनेज तुंबलं. माणूस बोलावला तर चेंबरमधून बाळाची लंगोटं निघाली. त्याचे पैसे कुणी द्यायचे यावर यांचं आणि त्याचं जिन्यात अर्धा तास चाललं. लाइटचं तर विचारूच नका. सब-मीटर लावलेलं, पण महावितरणचं बिल येतं टप्प्याटप्प्यानं. युनिट वाढले की दर वाढतो. आमचे दोघांचे मिळून युनिट वरच्या टप्प्यात गेले तर तो जादा दर कुणाच्या वाट्याला? ती म्हणायची, “काकू, माझे तर साठच युनिट झाले ना!” तिचंही खरं होतं. मीही वही घेऊन डोकं धरून बसायची.

आणि मी वर जायला लागले. कधी गॅलरीत वाळत घातलेली चादर आणायला, कधी टाकीत पाणी किती आहे ते बघायला, कधी नुसतंच, धिरडी केली म्हणून द्यायला. हातात ताटली आणि डोळे भिंतीवर. खिळे किती ठोकले? ओट्यावर टाईल तडकली का? एकदा तिची आई आणि भाऊ गावाहून आले होते. मी दारातच म्हणाले, “अरे वा, पाहुणे! किती दिवस मुक्काम?” म्हणाले आणि जिभेवर चटका बसल्यासारखं झालं. औरंगपुऱ्याच्या बाई माझ्याच तोंडून बोलल्या होत्या. त्या पोरीचा चेहरा बघितला आणि मला माझा पंचविशीतला चेहरा दिसला, ओठ दाबून हसणारा.

पण खरी परीक्षा पाण्याची. आमच्या शहराचं पाण्याचं रडगाणं मराठवाड्याला नवं नाही. चारशे वर्षांमागं मलिक अंबरानं जमिनीखालून नहर खोदून या गावात पाणी खेळवलं, पाणचक्की बघायला लोक अजून लांबून येतात. आणि आम्ही मात्र पैठणचा नाथसागर पन्नासएक किलोमीटरवर असून नळाकडं डोळे लावून बसलेले. २०२२ च्या मे महिन्यात पाण्यासाठी शहरात मोठा मोर्चा निघाला होता, आठवत असेल. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कधी सहाव्या, कधी आठव्या दिवशी पाणी यायचं, तेही रात्री-अपरात्री. तेवढ्या तासाभरात जमिनीखालचा हौद भरायचा, मग मोटर लावून वरच्या दोन टाक्या. एक हजार लिटरची आमची, एक पाचशेची त्यांची.

आता पाचशे लिटर आठ दिवस! घरात रांगतं बाळ, रोजचे लंगोट. त्यांचं पाणी चौथ्या दिवशी संपायचं. पहिल्यांदा मी हौदातून दिलं. दुसऱ्यांदा दिलं, पण तोंड वाकडं करून. तिसऱ्यांदा टँकर मागवला तेव्हा निम्मे पैसे मागितले. आणि पुढं एक दिवस दुपारी मी चक्क जिन्यात उभी राहून मोजत होते, तिनं खालच्या नळावरून किती बादल्या नेल्या ते. नऊ. आकडा अजून पाठ आहे. मोडा तेवढा नव्हता.

नोव्हेंबरपासून भाडं थकायला लागलं. ठेकेदार बदलला, पगार अडकला, गावाकडं कापूस घरातच पडून आहे, भाव नाही... कारणं खोटी नव्हती. पण आमचा हप्ता काही कारणं ऐकत नाही. डिसेंबर गेला, जानेवारी गेला. बँकेच्या पासबुकात भाड्याच्या ओळी थांबल्या आणि हप्त्याच्या तेवढ्या राहिल्या. नणंदेला फोन केला तर म्हणाली, “मी फक्त ओळख करून दिली होती बाई.” हे रात्री गच्चीवर येरझारा घालायचे. मी शेजारच्या काकूंकडं गेले. त्यांनी उपाय सांगितला, “वरच्या टाकीचा कॉक बंद कर. दोन दिवसांत जातील.”

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मी तो कॉक बंद केला. हो, केला. लपवून काय उपयोग. तासाभरानं जिन्यात पावलं वाजली. ती पोर, काखेत बाळ, हातात रिकामी बादली. “काकू, वरचं पाणी गेलंय का? तुमच्याकडं येतंय?” तिच्या बोलण्यात संशय नव्हता. निदान दाखवला नाही. मी म्हणाले, “बघते,” आणि मागच्या दारानं जाऊन कॉक उघडला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मामेबहिणीच्या मुलीकडं गेलो. ती इथल्या कोर्टात वकिली करते. कॉकची गोष्ट ऐकल्यावर तिनं आधी डोक्याला हात लावला. “मावशी, त्यांनी तक्रार केली असती तर तू अडकली असतीस. भाडं थकलं तरी पाणी, लाइट तोडता येत नाही. कलम २९.” म्हटलं, अगं माझं घर, माझी टाकी! ती म्हणाली, “घर तुझं, पण राहणारं माणूस आहे ना?” मग तिनं आमची ती नोटरी बघितली आणि हसली. हसू वकिली होतं, म्हणजे आपल्याला घाम फोडणारं.

तेव्हा जे ऐकलं ते सांगते, कारण अकरा महिन्यांच्या कराराबद्दल घरोघरी माझ्यासारखाच समज आहे. आपल्या मराठवाड्याला पूर्वी निजामी मुलखाचा वेगळा कायदा लागू होता, १९५४ चा हैदराबादचा घरभाड्याचा. विदर्भाला वेगळा, मुंबईकडं वेगळा. ते सगळे जाऊन ३१ मार्च २००० पासून राज्यभर एकच कायदा आला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९. वर्षाच्या आतला करार नोंदवायची गरज नाही, हे जे आपण ऐकून असतो ते इथं चालत नाही. या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी पाहिजे आणि नोंदणीकृतच पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. आणि नोंदणी करायची जबाबदारी कुणाची? घरमालकाची! नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय उद्या वाद झाला तर भाडेकरू जे सांगेल तेच करारात ठरलं होतं असं धरतात, ते खोटं आहे हे आपण सिद्ध करेपर्यंत.

“म्हणजे भाडं चारच हजार ठरलं होतं असं तो म्हणाला तर?” यांनी विचारलं.

“तर नाही म्हणून तुम्ही दाखवायचं, काका.”

नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स असता तर मुदत संपल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता आला असता, आणि मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दरानं भरपाई मागता आली असती. आमच्याकडं काय होतं? शंभराचा स्टॅम्प आणि नणंदेची ओळख. बरं, भाड्याची पावती देणंही कायद्यानं बंधनकारक आहे म्हणे. मी कधी दिली नव्हती. औरंगपुऱ्यात आम्हाला कुणी दिली नव्हती, तेव्हा मी कुरकुरायची ते वेगळं.

शेवटी कोर्टकचेरी झाली नाही. वकील पोरीनंच सांगितलं, बसून बोला. एका रविवारी चौघं माझ्या ओट्यावर बसलो. पाच महिन्यांचे पस्तीस हजार झाले होते. वीस डिपॉझिटमधून वळते केले, उरलेले पंधरा जमेल तसे द्यायचे असं त्यानं लिहून दिलं. एप्रिल २०२४ मध्ये ती मंडळी टेम्पोत सामान टाकून गेली. जाताना तिनं वरची फरशी स्वच्छ पुसून दिली आणि या वेळी पाणी वाळवणावर पडलं नाही. दिवाळीत तिच्या फोनवरून चार हजार आले. अकरा अजून बाकी आहेत. मी वहीतली ती ओळ खोडली नाही, पण फोनही केला नाही.

मजला दीड महिना रिकामा राहिला. हप्ता यांच्या पगारातून गेला, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्यातून थोडं काढावं लागलं. पाटी पुन्हा रंगवायला दिली तेव्हा ‘फक्त फॅमिलीसाठी’ काढून टाक म्हणाले पेंटरला. यांनी माझ्याकडं बघितलं, बोलले काही नाहीत.

जूनमध्ये दोघी मुली आल्या. एक विद्यापीठात पीएचडी करणारी, नांदेडकडची. दुसरी एका बँकेत, लातूरची. मी नाव विचारलं, काम विचारलं, गावी कोण कोण असतं ते विचारलं. आडनाव नाही विचारलं. उगीच फार मोठं काही केलं असं नको वाटायला. विचारायचं ओठावर आलंच होतं. ते कळलं करार करताना, आधार कार्डावर. तोवर माझा चहा पिऊन झाला होता आणि पीएचडीवाली बाईनं माझ्या तुळशीला पाणीही घालून टाकलं होतं. शेजारच्या काकूंनी संध्याकाळी विचारलंच, “कोण आहेत गं?” म्हटलं, “भाडेकरू.”

करार या वेळी रीतसर. आता त्यासाठी रजिस्ट्रार ऑफिसच्या बाकावर दिवस काढावा लागत नाही. ऑनलाइन होतं, एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला. आमचे, दोघींचे, दोन साक्षीदारांचे अंगठे आणि फोटो. यांचा अंगठा काही केल्या उठेना, इतकी वर्षं मशीनवर घासलेला. तिसऱ्यांदा ओल्या फडक्यानं पुसून लावला तेव्हा कुठं. खर्च म्हणाल तर महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात डिपॉझिटवरचं १० टक्के व्याजही धरतात. आमचं ते दोनशेच्या आसपास गेलं. एजंटाची फी वेगळी. पोलीस ठाण्यात भाडेकरूंची माहितीही दिली. म्हणजे दोन-अडीच हजारांत जे निभलं असतं, ते वाचवायला जाऊन मी अकरा हजारांवर बसले होते. वकील भाचीनं आणखी एक सांगितलं. भाड्याचं उत्पन्न इन्कमटॅक्सला दाखवताना मालमत्ता कर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या नसल्या तरी. मालमत्ता कराची पावती मात्र जपून ठेवायची.

आता या मुली म्हणजे करार वाचलेल्या मुली! पहिल्याच पावसात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. जुना भाडेकरू असता तर वर्षभर कॅलेंडर लावून झाकली असती. बँकवालीनं दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, खाली नम्रपणे लिहिलं, ‘काकू, दुरुस्ती तुमच्याकडे आहे.’ मी जरा चिडलेच. भाचीला फोन केला, तर कायदा त्यांच्याच बाजूचा! घर नीट ठेवायची जबाबदारी मालकाची. लेखी सांगून पंधरा दिवसांत आपण केलं नाही तर भाडेकरू स्वतः करून घेऊन खर्च भाड्यातून कापू शकतो, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. बाराव्या दिवशी गवंडी बोलावला.

आणि माझी ती ताटली घेऊन वर जायची खोड? तीही गेली, पण आपणहून नाही. एकदा अशीच न सांगता गेले, दोघी झोपल्या होत्या, दुपारची वेळ. पीएचडीवाली दार उघडून डोळे चोळत म्हणाली, “काकू, यायच्या आधी एक मिस कॉल द्याल का?” मला राग आला, तसाच खाली आले. संध्याकाळी करार काढून वाचला. मालकानं घर बघायला यायचं तर आधी सांगून, योग्य वेळी यायचं, असं त्यात होतं. माझाच अंगठा होता खाली.

परवा रात्री अडीचला वरून हाक आली, “काकू, पाणी आलंय! हौदाचं झाकण उघडू का?” हे घोरत होते. मी चपला शोधत अंगणात गेले तर बँकवाली आधीच झाकण सरकवून टॉर्च धरून उभी. दुसरी पायरीवर बसून पुस्तक वाचत होती, मोबाइलच्या उजेडात. हौद भरायला तासभर लागणार. तिघींना चहा टाकला. पहिली कोणती टाकी भरायची, तुमची की आमची, यावर साडेतीनपर्यंत आमची घासाघीस चालली होती.